वाडीच्या नावावरची जागा

राब पेटायला लागले की माझं डोकं फिरतं. फाल्गुनात कापड्याहून वर कुडपणच्या अंगाला चढणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, तर उतारा-उतारावर धूर दिसतो. घाट बघायला आलेली माणसं गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. एकीने तर मागे मला विचारलं होतं, "इथे रोज असं धुकं असतं का हो?" मी म्हटलं, "धुकं नाही बाई, आमची कंबर जळतेय." ती हसली. मी विनोद केलाय असं तिला वाटलं.

पौषापासून ऐनाची डहाळी तोडायची, भारे डोक्यावरून उतरवायचे, शेण पसरायचं, त्यावर डहाळी, पातेरा, गवत, वरून माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावायची, म्हणजे आग धावत नाही, सावकाश चालते. या भाजलेल्या तुकड्यात पुढे भाताचं रोप टाकायचं. राब भाजणं म्हणतात ते हे. लग्न होऊन मी बिरवाडीहून या वाडीत आले तेव्हा बी.ए.चं सर्टिफिकेट ट्रंकेत आणि हातात हिरवी फांदी, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून कडेने आपटायला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कष्ट सगळ्यांनाच आहेत. माझा राग वेगळा आहे, आणि तो या धुराच्या वासाबरोबर दर वर्षी ताजा होऊन येतो. सायली पाचवीत होती ते वर्ष या वासाला चिकटून बसलंय.

सायली माझी मुलगी. एकुलती एक. आणि भानगड एका परीक्षेची.

आमच्या जिल्ह्यात एक सरकारी निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं, शिक्षक चांगले, प्रयोगशाळेत खरोखरीच्या काचेच्या नळ्या. पाचवीतल्या मुलांची परीक्षा घेतात आणि तालुक्यागणिक मोजकीच मुलं उचलतात. त्यातल्या बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या. मूल खेड्यात राहणारं आणि तिसरीपासून खेड्यातल्या शाळेत शिकलेलं हवं, अशी अट. ज्याने कोणी ही अट घातली त्याचं भलं होवो. बिचाऱ्याला महाडच्या आयांची कल्पना नव्हती.

मला मात्र ती कल्पना सायली तिसरीत गेली त्या वर्षीच आली. माझी धाकटी जाऊ वृषाली महाडला राहते. दिराचं बाजारपेठेत मोबाइलचं दुकान. त्यांची रिया आमच्या सायलीच्याच वयाची. जूनमध्ये वृषाली पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, रियाचं नाव वाडीच्या शाळेत घालतोय. पत्ता काय, आपल्या घराचाच." या 'आपल्या'मुळे मला पेढा कडू लागला. महाडात या परीक्षेला मुलं फार, पोलादपूर तालुका लहान, अर्ज कमी, हा सगळा हिशेब तिच्या क्लासवाल्या सरांनी करून दिला होता. तळ्याजवळ त्यांचा क्लास. रिया सकाळ-संध्याकाळ त्या क्लासला जाणार आणि शाळेच्या हजेरीत मात्र आमच्या वाडीत बसलेली असणार.

सासरे पडवीत सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "घालू दे की नाव. आपल्याच घरची पोर हाय. ह्या घरावर तिचाबी हक्क हाय."

"मग राहू दे तिला इथेच," मी म्हटलं. "सकाळी शेणाचं घमेलं उचलायलाही हक्काने येऊ दे."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठले. माझं हे नेहमीचंच. तोंड फटकळ म्हणून वाडीत माझी ख्याती, पण पडवीतल्या त्या खुर्चीने नुसतं पाहिलं की माझे पाय आपोआप चुलीकडे वळतात.

बरं, एकट्या रियाचं काय घेऊन बसायचं. तपासणी असली की महाडहून एक पांढरी व्हॅन वर यायची. त्यातून अशीच आणखी मुलं उतरायची, आमच्या वाडीत कागदोपत्री राहणारी. कुणी भावकीच्या पत्त्यावर, कुणी चुलत मामाच्या. वळणांनी त्यांची पोटं ढवळलेली असायची. उतरल्या उतरल्या दोघं-तिघं बांधावर ओकायची, आणि आमच्या वाडीची मुलं त्यांना तांब्यातून पाणी द्यायची. सायली रियाची पाठ चोळायची. दोघींचं चांगलं होतं. तेही मला खटकायचं, खोटं कशाला सांगू. माझी पोर आपल्या वैरिणीची पाठ चोळतेय आणि मी शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून बघतेय.

एकदा मी गुरुजींना धरलंच. गुरुजी भले माणूस, दूरच्या जिल्ह्यातले, एकाच खोलीत सगळे वर्ग सांभाळायचे. म्हणाले, "वहिनी, मला पट दाखवावा लागतो. तुमच्या वाडीची पोरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही व्हॅनवाली नावं काढली तर शाळेला कुलूप लागेल. मग तुमची ती बारकी बारकी पोरं कापड्यापर्यंत चालत जातील. चालेल का, सांगा." माणूस खोटं बोलत असला की मला भांडता येतं. खरं बोलायला लागला की मी अडकते.

म्हणजे असं, की ज्या मुलांमुळे आमच्या वाडीची शाळा उघडी होती तीच मुलं आमच्या वाडीची जागा खायला आलेली. आता यावर माणसाने दात-ओठ खाण्यापलीकडे काय करावं?

मी सायलीला शिकवायला घेतलं. क्लास नाही, सर नाहीत, मीच. परीक्षेत भाषा असते, गणित असतं, आणि आकृत्यांचं एक प्रकरण असतं, ज्यात आकृती आरशात कशी दिसेल, पाण्यात कशी दिसेल असं विचारतात. आरसा होता. पाण्यासाठी मी घमेल्यात पाणी भरून अंगणात ठेवलं आणि काठावर आगकाड्या उभ्या धरून तिला दाखवलं. सायलीला मजा यायची. ती म्हणायची, "आई गो, पाण्यात सगळं डोक्यावर उभं राहतं." मला मजा वगैरे येत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तळ्याजवळचा क्लास होता, त्यातला पंखा, पांढरा फळा, आणि पहिल्या बाकावर रिया. उत्तरपत्रिकेत गोल काळे करायचे असतात, एकदा केलेला पुसता येत नाही. जुन्या कॅलेंडरांच्या मागे शर्टाच्या बटणाने मी गोल काढून दिले आणि ती ते भरत बसायची. भाताची झोडणी चालू असतानाही ती खळ्याच्या कडेला बसून गोल भरायची. चुकली की मी चापट मारायची. हो, मारायची. या परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आयांपैकी जी म्हणेल मी कधी हात उगारला नाही, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

या वर्षीही आमच्या खालच्या गावातल्या तीन-चार आया माझ्याकडे येऊन गेल्या. "तुमची सायली लागली ना तिकडे, काय पुस्तकं घेतली होती?" मी सांगते सगळं. पण त्या एकमेकींसमोर विचारत नाहीत. एक गेली की दुसरी येते. पाणवठ्यावर भेटल्या की म्हणतात, "आम्ही काही एवढं मनावर घेतलेलं नाही." गादीखाली गाइड आणि तोंडावर निवांतपणा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो टाकतात, आणि एखादीच्या मुलाला सराव परीक्षेत जास्त गुण पडले की हात जोडलेलं चित्र टाकून दिवसभर गप्प. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यात मी स्वतःही दिसते, त्यामुळे राग दुप्पट होतो.

परीक्षा जानेवारीत झाली, पोलादपूरच्या एका हायस्कुलात. थंडी होती. मुलं आत गेली आणि आम्ही बाहेर आंब्याखाली. लढाई आत चालली असेल असं कुणाला वाटलं तर वाटो. खरी बाहेर होती. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मुलाचा घरच्या कामामुळे अभ्यास झाला नसावा अशी मनोमन प्रार्थना करत होता आणि तोंडाने "होईल हो सगळ्यांचंच चांगलं" म्हणत होता. वृषालीने थर्मासमधला चहा मला दिला. मी घेतला. आमच्यासमोर एक बाई तिच्या शेजारणीला सांगत होती की तिने मुलाला "सहज बसवलंय". तिच्या पिशवीतून सोलून ठेवलेले बदाम दिसत होते.

एकच बाई खरं बोलली. महाडची मुस्लीम बाई होती, नवरा कुवेतला, मुलीला घेऊन ती पोलादपूरकडच्या माहेरी खरोखरच राहायची आणि मुलगी तिथल्याच शाळेत शिकायची. तिने माझ्या शेजारी रुमाल अंथरला आणि म्हणाली, "खोटं कशाला बोलू? मी तर रडवून रडवून शिकवलंय. लागली नाय तर पोरगी मला माफ करणार नाय, नि लागली तरी करणार नाय." त्या अख्ख्या झाडाखाली मला तीच आवडली. तिच्या मुलीचं पुढे काय झालं कळलं नाही.

मुलं बाहेर आली. वृषालीने रियाला गाडीच्या बॉनेटपाशी नेलं आणि प्रश्नपत्रिका पसरून एकेक उत्तर विचारायला लागली. रिया बोटं मोडत उभी. मी सायलीला काहीच विचारलं नाही. हा माझा मोठेपणा नव्हता, मला भीती वाटत होती. सायलीने खिशातून उकडलेल्या वालाच्या शेंगा काढल्या, चार स्वतः खाल्ल्या, चार नेऊन रियाच्या हातात दिल्या.

आणि मग राबांचे दिवस आले. निकालाची वाट बघण्याचे दिवस. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, ती फक्त वरच्या राबाच्या कोपऱ्यात मिळते, जिथून दरी उघडते. त्या वर्षी आमच्या राबाची जेवढी देखभाल झाली तेवढी कधी झाली नसेल. सासरे खूष. "सूनबाईनं यंदा राब मनावर घेतला हाय," असं चारचौघांत म्हणाले. मी कमरेला फोन खोचून सकाळ-दुपार वर. डोळ्यांतून पाणी, केसांत राख, पदराला जळल्याची भोकं. धूर अंगावर आला की वाटायचं, लागू दे. त्याच क्षणी वाटायचं, रिया नको लागू दे. देवाजवळ मी दोन्ही मागितलं आहे, आणि दुसरं जास्त जोर लावून मागितलं आहे.

हातात फांदी घेऊन आगीची कड झोडपत असताना फोन थरथरला. रिया निवडली गेली होती. सायली प्रतीक्षा यादीत, आमच्या तालुक्याच्या मुलींत पहिली. म्हणजे पुढची एक जण गळली तर सायली आत. पुढची एक म्हणजे कोण, ते वेगळं सांगायला नको.

आग बांधावरून पलीकडे गेली ते मला कळलंच नाही. खालून सासरे ओरडत वर आले.

दोन दिवसांत महाडच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. रियाचा फोटो, गळ्यात हार, मागे काढलेली झोपडी, आणि वर ठळक अक्षरांत: 'ग्रामीण भागातील कन्येचे घवघवीत यश'. माझे यजमान एमआयडीसीत कंपनीत आहेत, त्यांची बस त्या नाक्यावरून जाते. घरी येऊन ते हातपाय धुवून जेवले आणि मग म्हणाले, "झोपडी कुणाची म्हणायची ती?" हा माणूस वर्षातून एकदा असं काही बोलतो. मी हसले नाही. मला त्या फ्लेक्सवर शेण फेकायचं होतं. आमच्याकडे शेणाची कमतरता नाही.

मग कुणीतरी तक्रार केली. वाडीच्या शाळेत महाडची मुलं दाखवली आहेत, घरोघर जाऊन चौकशी करा, अशी. ती कुणी केली मला आजही ठाऊक नाही. मी केली नाही. करावीशी वाटत होती, रोज वाटत होती, पण केली नाही.

चौकशीचे साहेब परवा घरी येणार असं कळलं तशी वृषाली धावत आली. या खेपेला पेढे नव्हते. तिने पिशवीतून रियाचे दोन फ्रॉक काढले आणि आमच्या खुंटीवर सायलीच्या कपड्यांशेजारी लावले. दप्तर कोपऱ्यात ठेवलं. चपला उंबऱ्याशी. आणि मोरीत जाऊन आमच्या ग्लासात गुलाबी रंगाचा एक दात घासायचा ब्रश उभा केला. मी तिच्या मागे मागे फिरत होते. माझ्या घरात माझ्यादेखत एक मूल राहायला लागलं होतं. मग तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्हाला एकच शब्द बोलायचाय. हो म्हणायचं फक्त. परवा मी रियाला इथे आणून बसवते." तिचे हात गार होते. चेहरा उतरलेला, रात्रभर झोपली नसावी. मला तिची दया आली असती, पण समोर तो ब्रश होता.

सासरे म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हायला पायजे. पोरी काय, दोघीबी आपल्याच. एकीचं झालं म्हंजे दोघींचं झालं." असं कसं होतं ते मला कुणी समजावून सांगावं. एकीचं पोट भरलं की दुसरीने ढेकर द्यायचा? गुरुजी संध्याकाळी येऊन गेले, तेही हात चोळत तेच म्हणाले, शाळेचं बघा वहिनी. सगळे मला 'बघा' म्हणत होते आणि सायलीकडे कुणी बघत नव्हतं. ती ओटीवर बसून गोट्या खेळत होती.

साहेब परवा यायचे ते दुसऱ्याच दिवशी आले. रिया महाडला. साहेब वयस्क होते, चढ चढून घामाघूम झालेले. पाणी पिऊन त्यांनी घर पाहिलं, खुंटी पाहिली, मोरीत डोकावले. "मुलगी कुठाय?" सासरे म्हणाले, "मामाकडं गेलीय. येल उद्या." साहेबांनी वही मिटली. मग माझ्याकडे वळले. "ताई, घर तुम्ही चालवता. तुम्ही सांगा. रिया इथेच राहते ना?"

पडवीत सासरे. दारात यजमान, त्या दिवशी आठवड्याच्या सुट्टीवर. अंगणात गुरुजी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

"नाही," सायली म्हणाली. कधी आत आली होती कुणाला कळलं नव्हतं. "रिया महाडला राहते. इथे ती गणपतीला येते नि शिमग्याला येते. ते फ्रॉक काल काकूने आणले. तो ब्रशपण. तो अजून ओला झालेला नाय."

साहेबांनी मान डोलावली, चष्मा खिशात ठेवला आणि चहासाठी न थांबता उतरले.

दुसऱ्या दिवशी वृषाली आणि दीर आले. अंगणातूनच तिचा आवाज चढला. "ब्रशपर्यंत पढवलंत तिला! एवढ्याशा पोरीच्या तोंडात शब्द घातलेत! स्वतः बोलायची हिंमत नव्हती म्हणून लेकराला पुढे केलंत!" सासरे उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सायलीकडे पाहिलं. मी त्यांना त्या नजरेने कुणा मुलाकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. "कुणी सांगितलं गो तुला असं बोलायला?"

सायलीने तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोलले. "मी. मी शिकवलं. रात्री बसवून पाठ करून घेतलं. काय करायचंय ते माझं करा."

वृषालीने अंगणात उभं राहून माझ्या नावाने बोटं मोडली. ती जे बोलली ते लिहीत नाही. मीही काही कमी बोलले नाही. फ्लेक्स काढला, झोपडी काढली, पेढे काढले. दीर मध्ये पडले, यजमान मध्ये पडले, शेवटी दोघे भाऊच एकमेकांना भिडायच्या बेतात आले. रियाचे फ्रॉक मीच खुंटीवरून काढून तिच्या पिशवीत कोंबले. ब्रश तिने नेला नाही.

रियाची निवड रद्द झाली, व्हॅनवाल्या इतर मुलांची नावं उडाली, आणि जूनमध्ये सायली निवासी शाळेत गेली. पुढच्याच वर्षी आमच्या वाडीच्या शाळेला कुलूप लागलं. गुरुजी म्हणाले होते तसंच. आता बारकी पोरं कापड्याला चालत जातात. पावसात त्यांच्या डोक्यावरची प्लॅस्टिकं उडत असतात. शेजारची सुमन, जिची दोन्ही मुलं त्यात आहेत, मला तोंडावर म्हणाली, "तुझी पोर बोर्डिंगात बसली नि आमच्या पोरांची पायपीट झाली." मी म्हटलं, "चालू देत. पाय घट्ट होतील." आणि घरात येऊन भांडी आपटली. त्या मुलांना बघितलं की मला अन्न गोड लागत नाही. पण सुमनसमोर हे कबूल करायला माझी जीभ वळत नाही. मला राग सुमनचा नाही. ज्यांनी एका वाडीत एक जागा आणि एक शाळा यांच्यात निवड करायला लावली त्यांचा आहे, आणि ते इथे कधी येत नाहीत, त्यामुळे तो सुमनवर निघतो.

गणपती आता महाडला वेगळा बसतो. शिमग्याची पालखी दारात येते तेव्हा दीर देवळातूनच दर्शन घेऊन जातात. सासरे माझ्या हातचं जेवतात, पण मीठ कमी आहे हे मला न सांगता यजमानांना सांगतात. आणि यजमान, जे त्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते, तेही एकदा म्हणाले, "तू स्वतः बोलली असतीस तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो. पोरीला कशाला पुढं केलंस?" त्यांना तरी सांगावं असं जिभेवर आलं. नाही सांगितलं. एकाला सांगितलं की चौघांना कळतं, आणि मग ते बोट पोरीकडे वळतं. माझ्याकडे वळलेलं बरं. मला सवय आहे. भांडकुदळ म्हणून मी प्रसिद्धच होते, आता तर माझ्या नावाचा धाक आहे. मुलीच्या जागेसाठी सख्ख्या जावेच्या पोरीला खाली खेचणारी बाई. म्हणा. मीही उलट ताठ मानेने सांगते, हो, भांडून मिळवली.

गेल्या महिन्यात भेटीचा रविवार होता. सायली आता नववीत. उंची माझ्याइतकी झालीय, बोलणं शाळेतलं झालंय, फक्त मला हाक मारताना 'गो' शिल्लक आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला आम्ही दोघी बसलो होतो. आजूबाजूला सगळ्यांची डबे उघडायची घाई. मी घावणे नेले होते, नारळाच्या रसात बुडवून ती खात होती. खाता खाता म्हणाली, "काकू अजून बोलत नाही?"

"नाही."

"रियाने मला सुट्टीत इन्स्टावर शोधलं. आम्ही बोलतो." मी काही म्हणायच्या आत तीच पुढे म्हणाली, "ती म्हणाली, तुझ्या आईने तुला शिकवलं होतं असं तिच्या घरी सगळे म्हणतात. मी तिला सांगितलं, नाही शिकवलं."

"कशाला सांगितलंस?" माझा आवाज चढला. शेजारची दोन कुटुंबं वळून बघायला लागली. "लहान होतीस तू. समजत नव्हतं तुला. तोंडातून निघून गेलं. ते माझ्यावरच राहू दे, तुला कुणी काही बोललेलं मला चालणार नाही."

"समजत होतं," सायली म्हणाली. तिने घावण्याचा तुकडा तोडला. "मला यायचं होतं इथे. साहेबांनी तुला विचारलं ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. आजोबा बघत होते तुझ्याकडे, नि तू हो म्हणणार होतीस. म्हणून मी आधी बोलले."

नाही म्हणावंसं वाटलं. तिच्या डोळ्यांकडे बघून ते म्हणता येईना.

"हो," मी म्हटलं. "म्हणणार होते."

"माहितेय गो," ती म्हणाली, आणि रसाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "तूपण खा."